‘इको-फ्रेंडली गॅस’ म्हणजे नेमका कोणता?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत नवा एसी घेणाऱ्यांसाठी पानभर मजकूर आला होता. टन किती घ्यावा, तीन स्टार की पाच, हप्ते कसे पाडावेत, सगळे त्यात होते. तक्ताही नेटका होता, चांगले सात रकाने. त्यात गॅसचा रकाना मात्र नव्हता. खालच्या चौकटीत एवढेच होते, ‘शक्यतो इको-फ्रेंडली गॅस असलेला एसी निवडा.’ मुलीचे लग्न जमवणाऱ्या बापाला ‘शक्यतो चांगला मुलगा बघा’ असे सांगावे, तसे झाले हे. सल्ला खोटा नाही, पण बापाने त्याचे करायचे काय?

मी अकोल्याचा. १९८८ ते २०१९ अशी एकतीस वर्षे आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग या ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. शेकडो पोरांना लोकांचे एसी दुरुस्त करायला शिकवले, स्वतःच्या घरात मात्र कूलरच घुरघुरत राहिला. आमच्याकडच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये कूलरसारखे दुसरे काही नाही. ताजे वाळ्याचे पडदे लावा, पाणी सोडा, दुपार निघून जाते. पण मृग लागून हवा दमट झाली की तोच कूलर नुसता घाम काढतो. गेल्या जूनमध्ये माझ्या ८४ वर्षांच्या आईला दोन रात्री धाप लागली. डॉक्टरांनी खोली गार आणि कोरडी ठेवायला सांगितले. आई म्हणाली, “मले नाही लागत तुही मशीन.” तरीही यंदा मार्चमध्ये मी दुकानाची पायरी चढलो.

खोली दहा बाय बाराची, वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला. दुकानातल्या पोराने आधी टन सांगितला, मग स्टार, मग हप्ता. गॅस कोणता, विचारले तर म्हणाला, “काका, ग्रीन गॅस हाय. ओझोन-सेफ.” त्या ग्रीनचे नाव काय? त्याने पत्रक उलटेपालटे केले. “ग्रीनच म्हणतात न त्याले.” मी स्टारच्या लेबलावर शोधले. थंड करण्याची क्षमता होती, वर्षभरात वीज किती काटकसरीने वापरतो तो आयएसईईआरचा आकडा होता, १६०० तासांना किती युनिट लागतील तेही होते. गॅसचे नाव मला त्यावर दिसले नाही. शेवटी आउटडोअर युनिटचे खोके उघडायला लावले. बाजूला खाली, वाकून वाचावी लागेल अशा पट्टीवर बारीक अक्षरात सापडले : आर-३२, ६२० ग्रॅम. दुकानातले दिवे लखलखीत होते, तरी मला चष्मा पुसावा लागला.

आता त्या ‘ओझोन-सेफ’बद्दल. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या वर्कशॉपमध्ये आर-१२ होता, सगळे त्याला फ्रिऑनच म्हणत. लाइन साफ करायची तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि फस्स करून सोडायचा. मी सोडला, पोरांना सोडायला शिकवले. हौशी पोरे त्यावर थम्सअपची बाटली गार करायची आणि मी हसायचो. गळती शोधायला हॅलाइड टॉर्च होता, फ्रिऑन असला की त्याची ज्योत हिरवी व्हायची. ती हिरवी ज्योत पोरांना जादू वाटे. ओझोनच्या छिद्राचा शोध १९८५ मध्ये जाहीर झाला होता आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलमध्ये ओझोनला मारक गॅस आवरण्याचा करारही झाला होता, पण माझ्या वर्गापर्यंत त्यातले काही पोहोचले नव्हते. भारत त्या करारात १९९२ मध्ये गेला. मग आर-१२ हळूहळू गेला. घरगुती एसीत आर-२२ होताच. तो ओझोनला आर-१२ पेक्षा बराच कमी मारक, तरी मारकच. म्हणून १ जानेवारी २०२५ पासून आपल्या देशात आर-२२ वर चालणारे नवे यंत्र बनवायला बंदी आली.

याचा अर्थ असा की आज निघणाऱ्या घरगुती एसीत जे गॅस येतात, म्हणजे आर-३२, आर-४१०ए आणि क्वचित आर-२९०, त्यातला एकही ओझोनला धक्का लावत नाही. तेव्हा ‘ओझोन-सेफ’ हा शिक्का म्हणजे साखरेच्या पुड्यावर ‘यात मीठ नाही’ असे छापण्यासारखे आहे. खरेच नसते, पण त्यावरून साखर निवडता येत नाही.

हे गॅस वेगळे पडतात ते उष्णता धरून ठेवण्यात. हवेत सुटलेला एक किलो गॅस शंभर वर्षांत किती किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरतो, हा आकडा या धंद्यात मोजतात. आर-४१०एचा आकडा २०८८. जुन्या आर-२२चा १८१०. आर-३२चा ६७५. आर-२९०चा फक्त ३. म्हणजे ओझोन वाचवायला आर-२२ सोडून आर-४१०ए घेतला, तेव्हा हवामानाच्या बाबतीत आपण आगीतून फुफाट्यात गेलो. या आर-४१०एत निम्मा आर-३२ असतो आणि निम्मा आर-१२५, आणि सगळा घोळ त्या दुसऱ्या निम्म्याचा. तो काढून टाकला की उरतो नुसता आर-३२. दुकानातला ग्रीन गॅस तो हाच. २०८८ च्या शेजारी उभा केला की ६७५ ग्रीन दिसतो, हे कबूल. पण शंभरऐवजी वीसच वर्षांचा हिशेब धरला तर याच आर-३२चा आकडा दोन हजारांच्या वर जातो, कारण त्याला जे काही तापवायचे ते तो पहिल्या काही वर्षांतच तापवून मोकळा होतो. माझ्या आईच्या यंत्रातले ६२० ग्रॅम गळून गेले, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने ते सव्वाचारशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होतील. याला ‘कमी वाईट’ म्हणा, माझी हरकत नाही. हिरवे पान कशाला चिकटवता?

पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांत कधीच येत नाही अशी एक गोष्ट विदर्भातल्या वाचकांसाठी सांगतो. एसी काय करतो, तर खोलीतली उष्णता गॅसमार्फत उचलतो आणि गच्चीवर नेऊन टाकतो. टाकण्यासाठी गच्चीवरच्या जाळीत गॅसचा द्रव व्हावा लागतो. प्रत्येक गॅसला तापमानाची एक हद्द असते, तिच्यापुढे कितीही दाबा, तो द्रव होत नाही. आर-४१०एची हद्द ७१ अंशांच्या आसपास आहे, आर-३२ची ७८, तर आर-२२ आणि आर-२९० यांची ९६ च्या पुढे. अकोल्यात मेमध्ये पारा ४५ ला टेकतो. उन्हात तापलेल्या स्लॅबवरच्या युनिटमध्ये गॅस सहज साठीत असतो. साठीतला आर-४१०ए हद्दीपासून अकराच अंश लांब. जसजसा तो हद्दीजवळ जातो तसतशी त्याची उष्णता टाकायची ताकद घटते आणि कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो. शेजारच्या काकूंकडे २०१६ चा आर-४१०ए आहे. मेअखेरचा कडक उन्हाचा नवतपा लागला की दरवर्षी त्यांचे एकच पालुपद, “दुपारी हा एसी हवाच मारते नुसती.” त्यांना दरवर्षी सांगण्यात येते की गॅस कमी झाला आहे.

एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश तापमान धरून. स्टारचा वर्षभराचा हिशेब २४ ते ४३ अंशांमध्ये बसवलेला असतो. आमचा मे महिना त्या तक्त्यात मावतच नाही. म्हणून अकोला, चंद्रपूर, नागपूर, जळगावकडच्या माणसाने कुणी आर-४१०एचे यंत्र स्वस्तात देऊ केले तरी दोनदा विचार करावा. माझा सरळ सल्ला, घेऊच नये.

मला स्वतःला हवा होता आर-२९०. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात ब्युटेनसोबत असतो तोच. हा कुठल्या परदेशी प्रयोगशाळेतला चमत्कार नाही. सातारा जिल्ह्यात शिरवळला गोदरेजच्या कारखान्यात २०१२ पासून प्रोपेनवरचे घरगुती एसी बनू लागले, जर्मनीच्या मदतीने. त्या वेळी असा कारखाना जगात क्वचितच होता. पुणे-सातारा रस्त्याने जाताना मी आमच्या पोरांना सहलीच्या बसमधून तो भाग मुद्दाम दाखवला होता. त्यांचे लक्ष वडापावकडे होते.

प्रोपेन म्हटले की लोक दचकतात, आणि ते योग्यच आहे. तो भडकतो. पण किती, ते तरी पाहा. एक टनाच्या यंत्रात तो साधारण तीन-साडेतीनशे ग्रॅम असतो. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरात १४.२ किलो. आईची खोली दहा फूट उंच धरली तर ३४ घनमीटर होते. साडेतीनशे ग्रॅम सगळाच्या सगळा गळून खोलीभर पसरला तर घनमीटरला १० ग्रॅमच्या आसपास येतो, पेटायला किमान ३८ ग्रॅम लागतात. मात्र तो हवेपेक्षा जड आहे, खाली जमिनीलगत साठू शकतो. शिवाय स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम घातलेला उग्र वास यंत्रातल्या प्रोपेनला सहसा नसतो. म्हणूनच किती मोठ्या खोलीत किती ग्रॅम चालेल याचे कडक नियम आहेत आणि ते पाळावेच लागतात. तुमच्या घरातल्या नव्या फ्रिजचे मागचे लेबल वाचा. बहुतेक आर-६००ए लिहिलेले असेल. तो आयसोब्युटेन, तोही ज्वालाग्राहीच, फक्त मूठभर. वर्षानुवर्षे तो आपल्या स्वयंपाकघरात शेगडीपासून चार हातांवर उभा आहे. आर-३२ सुद्धा अगदी न पेटणारा नाही. तो सावकाश पेटतो आणि पेटायला बराच जास्त लागतो, एवढाच फरक.

तरी मी आर-२९० घेतला नाही. चार दुकाने फिरलो, एकाकडेही नव्हता. मागवून देतो म्हणणारा एक भेटला. पण उद्या जोड गळला तर प्रोपेनवर काम करायचे शिक्षण घेतलेला मेकॅनिक गावात कोण? माझ्या ओळखीत एकही नाही, आणि या गावातले निम्मे मेकॅनिक माझ्या हाताखालून गेलेले आहेत. म्हणजे ही जबाबदारी घूमफिरके माझ्यावरच येते. आम्ही शिकवले नाही, म्हणून आज मला मिळत नाही. आईच्या उशाशी शिकाऊ हाताने प्रोपेन भरून घेण्याची माझी तयारी नव्हती. आर-३२, एक टन, इन्व्हर्टर, पाच स्टार, असे ठरवले. दीड टन लागेल म्हणून दुकानदार अडून बसला होता. मी गच्चीला चुन्याचे दोन हात दिले, पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा टांगला आणि एका टनात भागवले. यंत्र जितके लहान तितका गॅस कमी. आणि वीजही. नुसत्या गॅसवर डोळा ठेवून चालत नाही, कारण आमच्या जिल्ह्यातल्या पारसच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीतून निघणारा धूर यंत्राच्या आयुष्यभराच्या हिशेबात गॅसला मागे टाकतो. ज्यांना चांगल्या गॅसचा दोन स्टार आणि आर-३२चा पाच स्टार यांत निवड करायची वेळ येईल, त्यांनी वीजबिलही समोर ठेवावे.

यंत्र बसवायला पोरगा आला. दुचाकीवर मागे शिडी, पुढे टूलकिट. गेज होते, फ्लेअरिंग टूल होते. व्हॅक्यूम पंप नव्हता.

“पंप कुठे आहे रे?”

“पंप कायले पाह्यजे काका? गॅसनंच हवा काढून टाकतो न. दोन सेकंदाचं काम हाय.”

म्हणजे नट सैल करायचा, आउटडोअरमधला थोडा गॅस पाइपातून फस्स करून सोडायचा, हवा त्याच्याबरोबर निघून जाते असे समजायचे आणि नट आवळायचा. १९८८ मधला माझा फस्स माझ्याच दारात परत आला होता. त्या फस्समध्ये ६२० मधले किती ग्रॅम गेले, कोण मोजतो? पाइपात ओल राहिली तर या गॅसबरोबरचे तेल ती पटकन पिते आणि आतल्या आत खराब होत जाते. मग दोन वर्षांनी ‘गॅस कमी झाला’. वास्तविक एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षे फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतो आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरून अडीच हजार नेणारा माणूस पुढच्या वर्षीच्या अडीच हजारांची सोय करून जातो. काकूंचे चार उन्हाळे असे गेले.

मी त्या पोराला परत पाठवले. तो दोन तासांनी कुणाचा तरी पंप घेऊन आला. अर्धा तास व्हॅक्यूम केला, पंप बंद करून पंधरा मिनिटे काटा हलतो का ते दोघांनी बसून पाहिले, गॅस सोडल्यावर जोडांना साबणाचा फेस लावला. आईने त्याला चहा दिला. बोलता बोलता कळले की त्याला महिन्याचा पगार नाही, बसवलेल्या यंत्रामागे पैसे मिळतात, आणि दिवसाला पाच-सहा यंत्रे झाली तरच परवडते. दहा किलोचा पंप दुचाकीवर कुठे ठेवणार? मी त्याच्यावर चिडलो होतो, ते तिथेच विरले. त्याच्या मालकावर मात्र अजून चिडलेलो आहे. ‘मोफत इन्स्टॉलेशन’ या दोन शब्दांत कशाकशाला फाटा दिलेला असतो, ते गिऱ्हाइकाला दुकानातच कळले पाहिजे.

घर बदलताना एसी काढणाऱ्यांनीही जपावे. गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेताना पाइप उघडा राहिला तर कॉम्प्रेसर हवा ओढतो, आत तेल असतेच, आणि तो फुटू शकतो. आणि जुन्या आर-२२ च्या यंत्रात कुणी ‘यातच चालून जातो’ म्हणत प्रोपेन किंवा भलताच गॅस भरू लागला तर त्याला जिना दाखवा. त्या यंत्राची वायरिंग आणि स्विच भडकणाऱ्या गॅससाठी बनवलेलेच नसतात. ज्यांचा आर-२२ अजून नीट चालतो त्यांनी तो भंगारात द्यायची घाई करू नये, दुरुस्तीपुरता तो गॅस सध्या मिळतो.

पुढच्या दहा-बारा वर्षांचाही विचार हवा, कारण एसी तेवढा टिकतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात आर-३२, आर-४१०ए यांसारख्या गॅसांबद्दल करार झाला आणि २०२१ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. २०२८ मध्ये आपल्याकडे या गॅसांच्या वापराला कमाल मर्यादा लागेल, २०३२ पासून ती उतरत जाईल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायची आहे. ही मोजणी नुसत्या किलोंत होत नाही, वर सांगितलेल्या आकड्यांनी गुणून होते. म्हणजे २०८८ वाल्याचा एक किलो ६७५ वाल्याच्या तीन किलोंची जागा खाणार. आज घेतलेल्या आर-४१०एच्या यंत्रात २०३४ साली गॅस भरायची वेळ आली तर तो काय भावाने मिळेल, याचा अंदाज कुणीही व्यापारी बसल्या जागी करू शकेल.

संपादक महोदय, माझी मागणी फार नाही. सरकारने स्टारच्या लेबलावर गॅसचे नाव, त्याचा आकडा आणि वजन छापावे, हे मी संबंधित खात्याला वेगळे लिहीन. तुमच्या हातातले तुम्ही करा. पुढच्या पुरवणीतल्या तक्त्यात सातच्या जागी आठ रकाने करा. आणि पानोपानी एसीच्या जाहिराती छापता, त्यांतल्या हिरव्या पानाच्या चित्राशेजारी गॅसचे नाव ठळक अक्षरात द्यायला जाहिरातदाराला सांगून पाहा. पत्र लांबले आहे, कात्री चालवावी लागेल. चालवा, पण ग्रॅम आणि आकडे कापू नका ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिल्पनिदेशक
जठारपेठ, अकोला

ता. क. : यंत्र २७ वर आणि पंखा एकवर ठेवतो. आई अजूनही म्हणते की कूलर बरा होता, त्याचा आवाज तरी यायचा. आउटडोअरशेजारच्या भिंतीवर मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : आर-३२, ६२० ग्रॅम, बसवल्याची तारीख. पुढे कुणी ‘गॅस कमी झाला’ म्हणत आला, तर आधी वजनकाटा आण म्हणून सांगायला सोपे.